सपाट पावलाची पुनर्शस्त्रक्रिया

सपाट पावलाची पुनर्शस्त्रक्रिया ही सपाट पाऊल सुधारण्यासाठी पूर्वी केलेली शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यास त्याच पावलावर पुन्हा केली जाणारी अस्थिशल्यक्रिया होय. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कायम राहणे, कमान पुन्हा खचणे, कापलेले हाड न जुळणे, ते वाकड्या स्थितीत जुळणे किंवा पाऊल गरजेपेक्षा जास्त वळवले जाणे ही तिची प्रमुख निमित्ते आहेत.

पुनर्शस्त्रक्रिया म्हणजे पहिल्याच शस्त्रक्रियेची पुनरावृत्ती नव्हे. पहिला उपचार नेमका कोणत्या कारणाने फसला, हे निश्चित झाल्यावरच पुढील उपचार ठरवला जातो. अनेकदा वेदनारहित आणि जमिनीवर सपाट टेकणारे पाऊल मिळवण्यासाठी एक किंवा अधिक सांध्यांची हालचाल कायमची सोडून द्यावी लागते.

## पार्श्वभूमी

### पावलाची कमान

पावलाची आतील, म्हणजे अंगठ्याच्या बाजूची कमान हाडांची रचना, अस्थिबंध आणि स्नायुरज्जू यांच्या एकत्रित कार्यामुळे टिकते. घोट्यातील टेलस हे हाड टाचेच्या हाडावर बसते आणि पुढे नौकाकृती हाडाशी जोडलेले असते. टेलसच्या डोक्याला खालून स्प्रिंग अस्थिबंध आधार देतो. पोटरीतून येणारा टिबिआलिस पोस्टीरियर हा स्नायू नौकाकृती हाडाला आत व वर ओढून धरतो.

हा आधार दुबळा झाला की सपाट पावलात तीन बदल एकत्र दिसू लागतात: टाच बाहेरच्या बाजूला कलते, पावलाचा पुढचा भाग बाहेर वळतो आणि आतील कमान खचते. पुढे डेल्टॉइड अस्थिबंध सैल झाल्यास घोट्याचा सांधाही कलतो. बहुतेक सपाट पावले, विशेषतः लहान मुलांची लवचीक सपाट पावले, वेदनारहित असतात व त्यांना शस्त्रक्रियेची गरज नसते.

### पहिल्या वेळी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया

पाऊल लवचीक असल्यास सांधे राखणाऱ्या आणि ताठर झाले असल्यास सांधे जोडणाऱ्या शस्त्रक्रिया सामान्यतः केल्या जातात. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे:

* टाचेचे हाड आत सरकवणे: हाडाचा मागील भाग कापून सुमारे १ सेंटीमीटर आतल्या बाजूला सरकवतात व स्क्रूने बसवतात. त्यामुळे अकिलीस स्नायुरज्जूच्या ओढीची दिशा बदलते.
* बाहेरील स्तंभ लांबवणे: टाचेच्या हाडाचा पुढील भाग कापून त्यात हाडाचा पाचरीसारखा तुकडा बसवतात. त्यामुळे बाहेर वळलेले पाऊल सरळ होते.
* स्नायुरज्जूचे स्थानांतर: निकामी झालेल्या टिबिआलिस पोस्टीरियरच्या जागी बोटे वाकवणारा लांब स्नायुरज्जू नौकाकृती हाडाला जोडतात.
* आतील स्तंभावरील शस्त्रक्रिया: कॉटन पद्धतीने आतील कीलाकृती हाडात पाचर बसवतात किंवा अंगठ्यामागील सांधा जोडतात.
* पोटरीचा स्नायू किंवा अकिलीस स्नायुरज्जू लांबवणे.
* सांधे जोडणे: टेलसखालचा सांधा, टेलस व नौकाकृती हाडातील सांधा आणि टाच व घनाकृती हाडातील सांधा यांपैकी एक, दोन किंवा तिन्ही सांधे कायमचे जोडतात. तिन्ही जोडण्यास तिहेरी फ्युजन म्हणतात.
* आर्थ्रोएरायसिस: टेलस आणि टाचेच्या हाडामधील पोकळीत अडसरासारखे रोपण बसवतात.

## इतिहास

सपाट पावलासाठी टाचेचे हाड कापण्याची कल्पना शल्यचिकित्सक ग्लाइश यांनी १८९३ मध्ये मांडली. १९७१ मध्ये कूत्सोजिआनिस यांनी हाड आत सरकवण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. कॉटन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत १९३६ मधील आहे.

बाहेरील स्तंभ लांबवण्याच्या पद्धतीचा उगमच एका फसलेल्या दुरुस्तीशी निगडित आहे. वेल्समधील शल्यचिकित्सक डिल्विन इव्हान्स हे आत वळलेल्या जन्मजात पावलावर, म्हणजे क्लबफूटवर, बाहेरील बाजू आखूड करून उपचार करीत. काही रुग्णांत ही दुरुस्ती प्रमाणाबाहेर होऊन पाऊल उलट बाहेर वळत असे. बाहेरील बाजू आखूड झाल्याने पाऊल सपाट होत असेल, तर ती लांबवल्याने कमान परत मिळावी, असा तर्क त्यांनी केला. त्यावर आधारित शस्त्रक्रिया त्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली.

१९८९ मध्ये जॉन्सन व स्ट्रॉम यांनी टिबिआलिस पोस्टीरियरच्या विकाराचे तीन टप्पे सांगितले. पुढे मायरसन यांनी घोटा कलण्याचा चौथा टप्पा जोडला. २०२० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने या विकारास ‘क्रमाक्रमाने खचणारे पाऊल’ या अर्थाचे नवे नाव सुचवले. नव्या वर्गीकरणात पाऊल लवचीक आहे की ताठर हे प्रथम ठरवतात. त्यानंतर टाच, मधले पाऊल, पुढचे पाऊल, टेलसभोवतालचे सांधे व घोटा यांतील दोष स्वतंत्रपणे नोंदवतात. एखादा दोष नजरेतून सुटू नये, या दृष्टीने ही विभागणी पुनर्शस्त्रक्रियेच्या नियोजनातही उपयोगी ठरते.

## अपयशाचे स्वरूप

शस्त्रक्रियेनंतर काही महिने सूज व दुखणे राहणे स्वाभाविक असते. पावलावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण सुधारणा होण्यास वर्षभर लागू शकते. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांतील प्रत्येक त्रास अपयश ठरत नाही. याउलट जंतुसंसर्ग, स्क्रू किंवा प्लेट निसटणे आणि जखम उघडणे यांवर त्वरित उपचार आवश्यक असतात.

क्ष-किरण चित्रातील पाऊल आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. चित्रात कमान काहीशी खचलेली दिसत असूनही रुग्ण विनात्रास चालत असेल, तर पुनर्शस्त्रक्रियेची गरज नसते. चित्र उत्तम असूनही चालता येत नसेल, तर मज्जातंतूला झालेली इजा, न जुळलेले हाड किंवा शेजारच्या सांध्याची झीज यांचा शोध घ्यावा लागतो.

## कारणे

### अपुरी दुरुस्ती

अपयशाचे हे एक प्रमुख कारण आहे. टाच पुरेशी आत सरकवली नाही किंवा पुढच्या पावलाचे बाहेर वळणे तसेच राहिले, तर आतील बाजूवरचा ताण कायम राहतो. केवळ स्नायुरज्जूचे स्थानांतर करून हाडांची ठेवण न सुधारल्यास नवा स्नायुरज्जूही कालांतराने ताणला जातो. मूळ स्नायूच्या तुलनेत तो बराच बारीक व कमी ताकदीचा असतो.

### दोष लक्षात न येणे

टाच सरळ केल्यावर पुढच्या पावलाचा अंगठ्याकडील भाग जमिनीपासून उचललेला राहू शकतो. हा दोष दुरुस्त न केल्यास अंगठा टेकवण्यासाठी टाच पुन्हा बाहेर कलते. पोटरीचा आखडलेला स्नायू हेही असेच दुर्लक्षित राहणारे कारण आहे. घोटा पुरेसा वर वळत नसल्यास चालताना ती हालचाल मधल्या पावलातून भरून काढली जाते व कमान पुन्हा खचते. मुलांमध्ये व तरुणांमध्ये दोन हाडे जन्मतः एकमेकांस जोडलेली असल्याचे निदान राहून जाऊ शकते.

### अतिरिक्त दुरुस्ती

बाहेरील स्तंभात गरजेपेक्षा मोठा तुकडा बसवल्यास पाऊल ताठर होते, आत वळते आणि त्याच्या बाहेरील कडेवर वजन येते. रुग्णाला करंगळीच्या बाजूने चालावे लागते. घोटा वारंवार मुरगळणे व करंगळीमागील लांब हाडास ताणामुळे सूक्ष्म अस्थिभंग होणे ही त्याची लक्षणे होत. अतिरिक्त दुरुस्ती झालेले पाऊल काहीशा अपुऱ्या दुरुस्तीपेक्षा रुग्णाला अधिक त्रासदायक वाटू शकते, कारण आत कललेल्या ताठर टाचेला असमान जमिनीशी जुळवून घेता येत नाही.

### हाड न जुळणे किंवा वाकडे जुळणे

जोडलेल्या सांध्यातील हाडे एकजीव न झाल्यास वजन टाकताना दुखते आणि स्क्रू सैल होतात किंवा तुटतात. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, ड जीवनसत्त्वाची कमतरता, जंतुसंसर्ग व लवकर वजन टाकणे यांमुळे हा धोका वाढतो. हाडे जुळली परंतु चुकीच्या कोनात जुळली, तर बाकीचे निरोगी सांधे झिजू लागतात.

### इतर कारणे

* त्वचेखाली टोचणारे स्क्रू किंवा प्लेट
* सूरल किंवा इतर मज्जातंतूस इजा
* टाच व घनाकृती हाडातील सांध्याची झीज
* आर्थ्रोएरायसिसचे रोपण टोचणे किंवा सरकणे
* मूळ विकार पुढे वाढून घोट्याचा सांधा कलणे
* संधिवात किंवा स्नायू व मज्जातंतूंचा विकार असणे

## तपासणी व निदान

पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीची क्ष-किरण चित्रे आणि शस्त्रक्रियेची नोंद उपलब्ध असल्यास मूळ दोष, केलेली दुरुस्ती व वापरलेले स्क्रू यांची माहिती मिळते. दुखणे पूर्वीसारखेच आहे की नव्या जागी सुरू झाले आहे, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आतील बाजूचे जुने दुखणे कायम असल्यास अपुऱ्या दुरुस्तीचा, तर बाहेरील कडेचे नवे दुखणे असल्यास अतिरिक्त दुरुस्तीचा किंवा बाहेरील सांध्याच्या झिजेचा संशय येतो. मात्र तीव्र सपाट पावलातही बाहेरील बाजूस हाडे एकमेकांवर दाबली जाऊन दुखू शकते.

रुग्णाला उभे करून मागून पाहिल्यास टाचेचा कल दिसतो. पाऊल बाहेर वळलेले असल्यास बाहेरच्या बाजूने नेहमीपेक्षा अधिक बोटे दिसतात. एका पायावर उभे राहून टाच उचलता येते का, हेही पाहतात. गुडघा सरळ व वाकवलेल्या अशा दोन्ही स्थितींत घोटा किती वर वळतो, यावरून आखडलेपणा पोटरीच्या स्नायूत आहे की अकिलीस स्नायुरज्जूत, ते कळते.

क्ष-किरण चित्रे रुग्ण उभा असतानाच घेणे आवश्यक असते. झोपून घेतलेल्या चित्रात खचलेली कमानही बरी दिसू शकते. बाजूने घेतलेल्या चित्रात टेलस आणि अंगठ्यामागील लांब हाड यांचे अक्ष निरोगी पावलात जवळपास एका रेषेत असतात, तर सपाट पावलात ते खाली मोडलेले दिसतात. घोट्याचे चित्रही घेतले जाते, कारण पावलात दिसणाऱ्या कलाचा काही भाग घोट्यातून आलेला असू शकतो. हाड जुळले आहे की नाही, हे सीटी स्कॅनवरून अधिक खात्रीने सांगता येते. उभ्या स्थितीत होणारा सीटी स्कॅन हाडांची परस्परस्थिती त्रिमितीत दाखवतो. नेमका दुखरा सांधा ओळखण्यासाठी त्यात भूल देणारे औषध टोचून वेदना थांबते का, हे तपासले जाते.

हाड न जुळलेल्या रुग्णात जंतुसंसर्गाची शक्यता रक्ततपासणीने व गरज पडल्यास ऊतींच्या नमुन्याने पडताळतात.

## शस्त्रक्रियेविना उपचार

जंतुसंसर्ग किंवा झपाट्याने वाढणारे व्यंग नसल्यास प्रथम साधे उपाय केले जातात. त्यांत बुटातील इन्सोल, घोट्याला आधार देणारा पट्टा किंवा ब्रेस, गोलसर तळाचे बूट, व्यायामोपचार व वजन कमी करणे यांचा समावेश होतो. लवचीक पावलाला इन्सोलने आधार देता येतो. ताठर पावलात मात्र कमान उचलण्याचा प्रयत्न केल्यास उलट दाब वाढतो, म्हणून मऊ व पावलाच्या आकाराचे इन्सोल वापरतात. वयोवृद्ध किंवा शस्त्रक्रियेस अपात्र रुग्णांसाठी ब्रेस हाच दीर्घकालीन उपचार ठरू शकतो.

## शस्त्रक्रियेची निवड

पाऊल लवचीक असून सांधे निरोगी असल्यास हाड पुन्हा कापून ठेवण सुधारता येते. सांधे झिजले किंवा ताठरले असल्यास फ्युजन करावे लागते. एकाच पावलात अनेकदा दोन किंवा अधिक दोष असतात आणि त्यांची दुरुस्ती एकत्र केली जाते.

| आढळलेला दोष | सामान्यतः विचारात घेतली जाणारी शस्त्रक्रिया |
|---|---|
| अपुरी दुरुस्ती, पाऊल लवचीक | टाचेचे हाड आत सरकवणे, बाहेरील स्तंभ लांबवणे, स्प्रिंग अस्थिबंधाची पुनर्रचना |
| अपुरी दुरुस्ती, पाऊल ताठर | टेलसखालच्या सांध्याचे, दुहेरी किंवा तिहेरी फ्युजन |
| अंगठ्याकडील भाग उचललेला | कॉटन पद्धत किंवा आतील स्तंभातील सांध्याचे फ्युजन |
| अतिरिक्त दुरुस्ती | टाचेचे हाड बाहेर सरकवणे किंवा पाचर काढणे, बाहेरील स्तंभ आखूड करणे. ताठर पावलात फ्युजन |
| हाड न जुळणे | मधली ऊती काढून अस्थिरोपण व मजबूत स्थिरीकरण |
| तिहेरी फ्युजन वाकडे जुळणे | टाचेचे किंवा मधल्या पावलाचे हाड कापून कोन सुधारणे |
| पोटरी आखडणे | पोटरीचा स्नायू किंवा अकिलीस स्नायुरज्जू लांबवणे |
| घोटा कलणे | डेल्टॉइड अस्थिबंधाची पुनर्रचना, घोट्याचे फ्युजन किंवा कृत्रिम सांधा |
| रोपण किंवा स्क्रू टोचणे | ते काढणे. व्यंग असल्यास त्याचीही दुरुस्ती |

अतिरिक्त दुरुस्तीत टाचेच्या हाडाच्या बाहेरील बाजूची पाचर काढण्यासाठी ड्वायर यांनी १९५९ मध्ये उंच कमानीच्या पावलासाठी वर्णन केलेली पद्धत उपयोगी पडते. सपाट पावलाची शस्त्रक्रिया प्रमाणाबाहेर गेल्यावर रुग्णाचा दोष उंच कमानीच्या पावलासारखा होतो, म्हणून त्यावरील उपायही तिकडूनच घेतला जातो.

फ्युजन करताना कोन अचूक साधणे निर्णायक असते. टाच सुमारे ५ अंश बाहेर कललेली आणि पुढचे पाऊल जमिनीवर सपाट टेकलेले असावे लागते. लवचीक सांधा थोडीशी चूक सामावून घेतो, पण जोडलेला सांधा तसे करू शकत नाही. अस्थिरोपणासाठी बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा घेतात किंवा अस्थिपेढीतील हाड वापरतात.

जुन्या जखमेचे व्रण कोठे आहेत, यावर नवा छेद अवलंबून असतो. दीर्घकाळ बाहेर वळलेले पाऊल सरळ केल्यावर बाहेरील त्वचा ताणली जाऊन जखम भरण्यास अडचण येऊ शकते. त्यामुळे काही रुग्णांत टेलसभोवतालचे दोन सांधे केवळ आतील बाजूच्या छेदातून जोडले जातात. जंतुसंसर्ग असल्यास स्क्रू काढणे, दूषित हाड साफ करणे व प्रतिजैविके देणे हा पहिला टप्पा असतो. अंतिम दुरुस्ती बहुधा त्यानंतर केली जाते.

## विशेष रुग्णगट

मुले: मेंदूच्या पक्षाघातासारख्या विकारात स्नायूंची असमान ओढ कायम राहते आणि वाढीच्या काळात व्यंग परत येऊ शकते. शक्य असल्यास वाढ पूर्ण होईपर्यंत फ्युजन टाळले जाते. आर्थ्रोएरायसिसनंतर दुखत राहिल्यास रोपण काढल्याने बहुधा आराम मिळतो.

मधुमेही: पावलाची संवेदना मोनोफिलामेंटने तपासली जाते. संवेदना गेलेल्या पावलात कमान खचण्याचे कारण शार्को विकार असू शकते. तो न ओळखता नेहमीची शस्त्रक्रिया केल्यास ती फसण्याचा धोका मोठा असतो. अशा रुग्णांत अधिक मजबूत स्थिरीकरण व दीर्घकाळ प्लास्टर लागते.

तंबाखूचे सेवन करणारे: निकोटिनमुळे रक्तपुरवठा व हाडांची जुळणी बिघडते. विडी-सिगारेटप्रमाणेच महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या मिश्री व चघळण्याच्या तंबाखूतही निकोटिन असते. त्यामुळे केवळ ‘धूम्रपान करता का’ असे विचारल्यास हा धोका नोंदला जात नाही. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून हाड जुळेपर्यंत तंबाखू पूर्ण बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

## धोके

पूर्वीच्या छेदांमुळे ऊती घट्ट झालेल्या असतात, मज्जातंतू व्रणात अडकलेले असतात आणि हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. त्यामुळे जखम न भरणे, जंतुसंसर्ग, मज्जातंतूस इजा, हाड पुन्हा न जुळणे, पायातील शिरेत रक्ताची गुठळी होणे व दीर्घकाळ वेदना राहणे हे धोके संभवतात. जोडलेल्या सांध्यांची हालचाल शेजारच्या सांध्यांना करावी लागल्याने ते पुढील काही वर्षांत झिजू शकतात. आटोक्यात न येणारा संसर्ग असलेल्या मोजक्या रुग्णांत पाय कापण्याचाही विचार करावा लागतो.

## पुनर्वसन

हाड कापल्यावर किंवा सांधा जोडल्यावर साधारण ६ ते ८ आठवडे पावलावर वजन टाकू दिले जात नाही. अस्थिरोपण किंवा मधुमेह असल्यास हा काळ वाढतो. प्लास्टरनंतर चालण्याचा बूट वापरून हळूहळू वजन वाढवतात. त्यानंतर व्यायामोपचारात पोटरीची ताकद, तोल व चालण्याची ढब यांवर भर असतो. सूज अनेक महिने राहू शकते आणि अंतिम परिणामाचे मूल्यमापन सुमारे वर्षभराने केले जाते.

या काळात घरात कुबड्या किंवा वॉकरची सोय, उंच कमोड व जिना टाळण्याची व्यवस्था लागते. उभ्याने किंवा शेतात काम करणाऱ्या रुग्णाच्या उत्पन्नात काही महिन्यांचा खंड पडू शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ ठरवताना वैद्यकीय बाबींबरोबर या अडचणींचाही विचार करावा लागतो.

## परिणाम व अपेक्षा

या विषयावरील वैद्यकीय पुरावा प्रामुख्याने लहान, मागे वळून केलेल्या अभ्यासांवर आधारित आहे. रुग्णांतील मूळ दोष व पहिल्या शस्त्रक्रिया भिन्न असल्याने पद्धतींची थेट तुलना करणे अवघड असते. अपयशाचे निश्चित व दुरुस्त करता येण्याजोगे कारण सापडल्यास वेदना कमी होणे आणि पाऊल जमिनीवर नीट टेकणे हे साध्य होऊ शकते. कारण स्पष्ट नसताना केवळ वेदनेसाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा लाभ अनिश्चित असतो.

फ्युजननंतर पाऊल आत-बाहेर वळण्याची क्रिया कमी होते. टेलस आणि नौकाकृती हाडातील सांधा जोडल्यास ती जवळपास थांबते. घोट्याचा सांधा मोकळा असल्याने सपाट रस्त्यावर चालता येते, परंतु शेताचा बांध, ढेकळे, उतार किंवा खडकाळ वाट यांवर तोल सांभाळणे कठीण जाते. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यावरही मर्यादा येऊ शकतात. जमिनीवर बसण्याची सवय असलेल्या समाजात ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला देणे विशेष महत्त्वाचे ठरते.

## हे सुद्धा पहा

* सपाट पाऊल
* क्लबफूट
* मधुमेही पाऊल
* अस्थिरोपण
* अस्थिव्यंगोपचार